मीठ सुटले, जंगल राहिले

१९३० च्या कायदेभंगात महाराष्ट्राने प्रामुख्याने दोन कायदे मोडले. उन्हाळ्यात मिठाचा आणि पावसाळ्यात जंगलाचा. मिठासाठी लोक शिरोड्याला गेले, वडाळ्याच्या मिठागरांवर लाठ्या खाऊन आले. अकोल्याजवळ दहिहंड्याला समुद्र कुठून आणणार, म्हणून तिथल्या खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून मीठ काढले. मग पाऊस सुरू झाला, मिठागरांत पाणी भरले. चळवळ तर थंड पडू द्यायची नव्हती, तेव्हा जंगल पुढे आले. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून स्वतःला अटक करवून घेतली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत वऱ्हाडापासून सातारा-कुलाब्यापर्यंत आणि तिकडे मध्य प्रांतातल्या बैतूल-सिवनीपर्यंत माणसे विळे-कोयते घेऊन रानात शिरली.

यातला मिठावरचा कर १९४७ मध्येच, १५ ऑगस्ट उजाडायच्या काही महिने आधी रद्द झाला. जंगलाचा कायदा मात्र अजून आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७. अधूनमधून ठिगळे लावलेला, पण सांगाडा तोच. २१ सप्टेंबर २०२७ ला तो शंभर वर्षांचा होईल आणि त्यानंतर चारच दिवसांनी चिरनेरच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन असेल. दरवर्षीप्रमाणे पुढारी येतील, हार घातले जातील, शासकीय मानवंदना दिली जाईल. ज्या कायद्याविरुद्ध ती माणसे मेली त्याच कायद्याने चालणारे सरकार ती मानवंदना देईल. माझे म्हणणे सरळ आहे: हा कायदा शंभरी गाठण्याआधी मोडीत निघाला पाहिजे. आणि तो इतकी वर्षे का टिकला, याचे उत्तर इंग्रजांकडे कमी आणि आपल्या स्वातंत्र्य चळवळीकडे जास्त आहे.

आधी चिरनेर. उरण तालुक्यातले हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, आता रायगडमध्ये आहे. गावामागे अक्कादेवीचा डोंगर. २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी त्या डोंगरावर लाकूड तोडायला चढले. बंदोबस्ताला बंदूकधारी पोलीस होते. गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही गेले. त्या धुमश्चक्रीत मामलेदार जोशी आणि आणखी काही सरकारी माणसेही मारली गेली. आठ जण असे: चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, मोठी जुईचे रामा बामा कोळी, धाकटी जुईचे आनंदा माया पाटील, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसुराम बुधाजी पाटील आणि दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे.

नावे मुद्दाम सगळी लिहिली. ती वाचली की चळवळीत कोण होते ते आपोआप कळते. यात वकील नाही, संपादक नाही, कॉलेज सोडून आलेला विद्यार्थी नाही. आणि ही माणसे एकाच गावची नाहीत. सात गावांतून आठ मृत्यू, म्हणजे त्या दिवशी डोंगरावर पंचक्रोशी लोटली होती. बातमी ऐकून सभेला जावे तशी ही माणसे गेली नव्हती. त्या डोंगराशी त्यांचे रोजचे भांडण होते.

ते भांडण समजायचे तर कोकणातली भातशेती समजून घ्यावी लागते. रोपे टाकायच्या वाफ्यावर झाडांचे टहाळे, पातेरा, शेण, गवत पसरून उन्हाळ्यात ते जाळायचे, यालाच राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप जोमाने उठत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणजे भाताचे खाचर गावात असले तरी त्याचे अर्धे बळ डोंगरावरून येते. डोंगर राखीव झाला की टहाळे तोडणे गुन्हा झाला. ठाकूर-कातकऱ्यांचे तर आणखी वेगळे. डोंगरउतारावरच्या दळी जमिनीत नाचणी, वरी पिकवायची, बाकी वर्षभर मोळ्या विकायच्या, कोळसा पाडायचा, कंद-भाज्या आणायच्या. त्यांचे सगळे पोट त्या हद्दीच्या आत होते. ठाणे-कुलाब्यात हा असंतोष इतका पेटला होता की १८८५ मध्येच मुंबई सरकारला जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनीही त्याच दशकात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना जंगल खात्याला झोडपून काढले होते: गावची गायराने खात्याने गिळली, गुरे चारायला जागा उरली नाही, हा त्यांचा मुद्दा. फुल्यांचे ते लिखाण १८८३ चे, तेव्हा काँग्रेसची स्थापनाही झाली नव्हती.

थोडक्यात, जंगलाचा लढा काँग्रेसने सुरू केलेला नाही. तो पन्नास वर्षे जुना होता आणि १९३० मध्ये काँग्रेसने त्याला झेंडा दिला. हे मी काँग्रेसला कमी लेखायला म्हणत नाही. झेंडा मिळणे ही मोठी गोष्ट असते. एरवी जी मोळीचोरी म्हणून दंडावर मिटली असती ती कृती देशाच्या नावाने झाली, तिला वर्तमानपत्रात जागा मिळाली, नाग्या कातकऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले. पण झेंड्याबरोबर शिस्तही आली. वरच्या कमिट्यांचा कार्यक्रम शक्यतो गवत कापण्याचा होता. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांनी, आधी सूचना देऊन गवत कापायचे आणि गाडीत बसून तुरुंगात जायचे. प्रतीक म्हणून ते चोखच होते. खाली गावात मात्र प्रतीकावर भागत नव्हते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या बिलाशीच्या लोकांनी सरकारी जंगलातला साग तोडून आणला, देवळापुढे उभा केला आणि त्यावर तिरंगा चढवला. गवताची पेंढी आणि सागाचा खांब यांत जो फरक आहे तोच नेत्यांच्या आणि गावकऱ्यांच्या सत्याग्रहात होता. सागावर सरकारचा जीव होता. ते लाकूड जहाजांना, रेल्वेला, बांधकामांना लागत होते. सप्टेंबरात बिलाशीवर पोलीस चालून आले, गोळ्या चालल्या. पुढच्या महिन्यात, ९ ऑक्टोबरला, सिवनी जिल्ह्यातल्या तुरियाला तीन गोंड बायका आणि एक पुरुष असे चौघे गोळीबारात गेले.

आता नेतृत्वाच्या हिशेबात हे सगळे कुठे बसत होते ते पाहा. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या मांडल्या. दारूबंदी, शेतसारा निम्मा, लष्करी खर्च निम्मा, मिठाचा कर रद्द, परदेशी कापडावर संरक्षक जकात, रुपयाचा विनिमय दर, किनारी जहाज वाहतुकीत देशी कंपन्यांना राखीव जागा, स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने. गिरणीवाल्यांचे आणि जहाजवाल्यांचेही दुःख त्या यादीत आहे. जंगल नाही. पुढे ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. त्यात समुद्रकाठच्या गावांना घरापुरते आणि गावात विकण्यापुरते मीठ करायची मुभा मिळाली. गवत-लाकडाबद्दल त्यात काहीच नव्हते. कैद्यांची सुटका होती, पण हिंसेचा आरोप असलेल्यांना त्यातून वगळले होते. आणि चिरनेरच्या गावकऱ्यांवर तर खटला चालवला गेला.

यावर नेहमीचे उत्तर असे की सगळ्या मागण्या एकदम पुढे करता येत नाहीत, सर्वांना बरोबर घ्यायचे तर मीठ हीच गोष्ट बरोबर होती. मान्य. मीठ राजा-रंक, हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या ताटात असते. त्यावर देश एका आवाजात बोलला, हे गांधीजींचे असामान्य राजकीय शहाणपण होते. पण त्याच कारणाने मीठ ही सोपी मागणी होती. मिठाचा कर गेल्याने हिंदुस्थानातल्या कोणाचेच काही जाणार नव्हते, सोडून सरकारी तिजोरी. जंगल सोडले तर पुष्कळांचे जाणार होते: लाकडाच्या ठेकेदाराचे, वखारवाल्याचे, आणि उद्या जे सरकार चालवणार होते त्यांचेही. मला वाटते, १९३० मध्ये जंगल मागण्यांच्या यादीत का नव्हते आणि १९४७ नंतर कायदा का बदलला नाही, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

याला पुरावा मधल्या काळात मिळतो. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्याने जंगलातली चराई फी रद्द केली. हे श्रेय द्यायलाच हवे, गुरे असलेल्या घरांना तो खरा दिलासा होता. पण चराई फी ही सवलत होती. राखीव जंगलाची मालकी, गार्डाचा अटकेचा अधिकार, गावाचा हक्क, यांतल्या कशालाही हात लागला नाही. सवलत देणारा उद्या ती काढूही शकतो. पुढे सत्तर वर्षे हेच धोरण राहिले. दुष्काळ पडला की चारा उचलायला परवानगी, निवडणूक आली की अतिक्रमणे नियमित करण्याचे आश्वासन. परवानगी मात्र प्रत्येक वेळी मागायची ती त्याच खात्याच्या दारात.

कायद्यात नेमके वाईट काय, असे विचारणाऱ्याने तो एकदा उघडून वाचावा. सगळा नको, पहिले वाक्य पुरे. कायद्याचा हेतू तिथे सांगितला आहे: जंगले, वनोपजाची वाहतूक आणि इमारती लाकूड व इतर वनोपज यांवरचे शुल्क यांसंबंधीचा कायदा एकत्र करणे. झाडे वाचवणे, पाणी, माती, प्राणी, यांतले काहीही नाही. आज ज्याला आपण पर्यावरणाचा कायदा समजतो तो मुळात जकातीचा कायदा आहे. मग कलम ६९ वाचावे. वनोपज कोणाचे असा वाद आला तर ते सरकारचेच आहे असे न्यायालयाने धरून चालायचे, तसे नाही हे समोरच्याने सिद्ध करायचे. डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बाईने ही मोळी आपल्याच बांधावरच्या झाडाची आहे हे सिद्ध करायचे. कलम ६४ मध्ये वनाधिकाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. या तरतुदींमुळे मोठे तस्कर किती सापडले ते खात्याने सांगावे, पण पाड्यावरच्या माणसाला त्यांचा अर्थ पाठ आहे. कोयता जप्त, मोळी जप्त, आणि केस नको असेल तर एक कोंबडी.

हा कायदा असाच व्हायला हवा होता असेही नाही. १८७० च्या दशकात खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांतच यावर वाद झाला होता. बेडन-पॉवेल म्हणत होते की लिखित सनद नसेल तर रयतेचा जंगलावर हक्कच नाही, होती ती राजाची मेहेरबानी. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांचे म्हणणे नेमके उलट होते: गावाच्या हद्दीतले रान हे गावाचेच. वन खात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस मधला मार्ग सांगत होते, सरकारी जंगलाबरोबर गावाचेही जंगल असावे म्हणून आग्रह धरत होते. १८७८ च्या कायद्यात बेडन-पॉवेल जिंकले. १९२७ चा कायदा त्याचीच सुधारित आवृत्ती. ब्रँडिस यांच्या आग्रहाची खूण म्हणून कलम २८ तेवढे राहिले. सरकारला वाटले तर राखीव जंगल गावाकडे सोपवता येईल, असे ते कलम आहे. सरकारला तसे वाटल्याची उदाहरणे शोधावी लागतात. गंमत अशी की ब्रँडिस हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन वनाधिकारी गावावर जेवढा विश्वास टाकायला तयार होता तेवढा स्वतंत्र भारतातली सरकारे झाली नाहीत.

गेली काही वर्षे गुलामगिरीच्या खुणा पुसण्याची मोठी चर्चा आहे. १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी तशी प्रतिज्ञा सांगितली. १८६० ची दंडसंहिता गेली, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. १८९४ चा भूसंपादन कायदा त्याआधीच २०१३ मध्ये गेला होता, तो मात्र लोकांच्या लढ्यांमुळे गेला. या पुसापुशीत वन अधिनियम राहून गेला हा योगायोग मानायला मी तयार नाही. कारण २०१९ मध्ये तो बदलण्याचा मसुदा निघाला होता, आणि त्या मसुद्यात वनाधिकाऱ्यांना बंदूक वापरण्याची मोकळीक आणि त्याबद्दल कारवाईपासून संरक्षण देण्याचा विचार होता. चिरनेरला नव्वद वर्षे होत असताना ही दुरुस्ती सुचली! बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने मसुदा मागे घेतला. म्हणजे कायदा बदलायची इच्छा आहे, ती उलट्या दिशेने. आणि यात एका पक्षाला दोष देऊन भागणार नाही. खात्याचा मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, जंगल खात्याकडची जमीन सोडायची वेळ आली की सगळ्यांची भाषा एक होते.

"मग जंगल उरले असते का?" हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. शहरातल्या ज्या वाचकांना जंगलाबद्दल मनापासून प्रेम आहे त्यांची भीती मी समजू शकतो. वन खाते नसते तर सह्याद्रीवर कुसळेही राहिली नसती, वनहक्काच्या नावाखाली पुढाऱ्यांनी अतिक्रमणे घुसवली, हे ते सांगतात. दुसरी गोष्ट काही ठिकाणी घडली आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या गोष्टीचा मात्र हिशेब मांडावा लागेल. याच कायद्याच्या आडोशाने चंद्रपूर-गडचिरोलीतला बांबू दशकानुदशके कागद कारखान्याला लीजवर गेला. वनविकास महामंडळाने मोह, चारोळी, तेंदू असलेली मिश्र जंगले सरसकट तोडून सागाच्या रांगा लावल्या. हे सगळे कायदेशीर होते. बेकायदेशीर होती ती मोळी. शंभर वर्षे चाललेली व्यवस्था जंगल राखण्यासाठी होती असे म्हणायचे, तर आज उजाड दिसणाऱ्या राखीव डोंगरांची जबाबदारीही तिनेच घ्यायला हवी. शंभर वर्षे मालक एक आणि दोष शेजाऱ्याचा, हे कसे?

उलट बाजूचे उदाहरण म्हणून सगळे मेंढा-लेखाकडे बोट दाखवतात, मीही दाखवतो. गडचिरोलीतल्या या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने चराई, आग, तोड यांवर स्वतःचे नियम लावले आहेत आणि जंगल राखले आहे. गडचिरोलीत सामूहिक हक्क राज्यात सर्वाधिक आणि जंगलही सर्वाधिक. यातून हक्क दिले म्हणून जंगल वाढले असा निष्कर्ष कोणी काढू नये, जंगल होते म्हणून लोक आणि हक्कही तिथे होते. पण हक्क मिळाल्यावर जंगल संपेल ही भविष्यवाणी तिथे खोटी ठरली, एवढे नक्की म्हणता येते.

मेंढा-लेखाची पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. हक्काचा कागद हातात आला, बांबू गावाचा झाला, पण तो विकायचा तर गावाबाहेर न्यावा लागतो आणि न्यायला वाहतूक परवाना लागतो. परवाना देणार वन खाते. खाते म्हणे बांबू हे झाड आहे, ते गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून इतर जंगलमाल) नव्हे. वनहक्क कायद्यात बांबूला गौण वनोपज म्हटले होते, तरी १९२७ च्या कायद्यात तो झाडांत मोडत होता. दोन वर्षे गाव आपल्याच बांबूकडे बघत बसले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका गावाचा बांबू रस्त्यावर यायला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री लागतात. "आता २००६ चा वनहक्क कायदा आहे ना, मग जुन्या कायद्याचे काय एवढे?" असे म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. नवा कायदा हक्क देतो आणि जुना कायदा नाक्यावर उभा राहतो.

वनहक्क कायदा चांगला आहे. आदिवासी आणि वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे भारताच्या संसदेने त्याच्या प्रस्तावनेत लिहून दिले. स्वातंत्र्यानंतर एकोणसाठ वर्षांनी का होईना. पण तो चिरनेरला लागू करायला गेले की काय होते ते पाहण्यासारखे आहे. कायद्यात हक्कदार दोन प्रकारचे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांनी त्या तारखेआधी तीन पिढ्या तिथे राहून जंगलावर जगत असल्याचे दाखवायचे, आणि कायद्याने पिढी धरली पंचवीस वर्षांची. म्हणजे पंचाहत्तर वर्षे. १३ डिसेंबर २००५ मधून पंचाहत्तर वजा करा: १३ डिसेंबर १९३०. अक्कादेवीच्या गोळीबारानंतर अडीच महिन्यांची तारीख! उरणच्या किनाऱ्यावरचे आगरी-कोळी अनुसूचित जमातीत नाहीत. तेव्हा हुतात्म्यांपैकी एखाद्या पाटलाच्या किंवा म्हात्र्यांच्या पणतवाने उद्या दावा केला, तर १९३० च्या अखेरीस आमचे घर या डोंगरावर जगत होते, हे त्याने सिद्ध करायचे. कोणासमोर? तर शेवटी जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या आणि वन खात्याचा अधिकारी सदस्य असलेल्या समितीसमोर. मला तर वाटते त्याने गोळीबाराच्या खटल्याची कागदपत्रे जोडावीत. त्या दिवशी त्याचा पणजोबा कुठे होता हे सरकारनेच लिहून ठेवले आहे.

हा विनोद वाटेल, पण कातकरी वाड्यांवर दाव्यांच्या फायली बघितल्या तर तिथे हेच चालू असते. प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जपून ठेवलेल्या पिवळ्या पावत्या निघतात. त्या वन खात्याने केलेल्या दंडाच्या. अमुक साली अमुक जंगलात अनधिकृत लागवड केली म्हणून दंड. त्या काळी ती पावती म्हणजे अपमान होता, आता ताब्याचा तोच सर्वात भक्कम पुरावा. जो कधी सापडला नाही किंवा ज्याने पावतीऐवजी कोंबडीवर भागवले त्याच्याकडे पुरावा नाही. आणि ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवा, असा आदेश १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हा देशभर लाखो घरांच्या पोटात गोळा आला. पंधरा दिवसांत न्यायालयानेच तो स्थगित केला, म्हणून निभावले.

दुसरी अडचण नकाशाची. महाराष्ट्रात आदिवासी ग्रामसभांना जे जादा अधिकार आहेत ते घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रापुरते. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची, हेही तिथे जास्त ठळक. रायगड जिल्ह्याचा एकही तुकडा त्या अनुसूचीत नाही. बिलाशीचा सांगली जिल्हाही नाही, पुसद तालुकाही नाही. जिथे जंगल सत्याग्रह झाला म्हणून आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो ती तिन्ही ठिकाणे या रेषेबाहेर पडतात. उरणचे तर सगळेच वेगळे. जंगलाच्या प्रश्नाला उत्तर मिळायच्या आत तिथे जमिनीचा प्रश्न आला. नवी मुंबईसाठी भातखाचरे आणि मिठागरे घेतली गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. एकाच तालुक्यात दोन हुतात्मा दिन आहेत, एक परक्या सरकारचा आणि एक आपल्या. दुसऱ्या लढ्यातून निदान साडेबारा टक्के जमीन परत देण्याचे धोरण आले. पहिल्याचा हिशेब अजून उघडा आहे.

तो मिटवायचा तर काय करावे? कायदा रद्द करणे म्हणजे जंगल वाऱ्यावर सोडणे नव्हे. प्राणी आणि अभयारण्यांसाठी १९७२ चा कायदा आहे, जंगलजमीन इतर कामांना वळवण्यावर १९८० चा आहे (त्यालाही २०२३ मध्ये भोके पाडली, तो वेगळा विषय). १९२७ च्या कायद्यातून लाकूडतस्करी रोखणारा भाग घ्यावा, मोळीवाल्या बाईला आणि ट्रकभर सागवान नेणाऱ्याला एका मापाने मोजणे बंद करावे, कलम ६९ चे गृहीतक उलटे करावे आणि ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले त्यांच्या मालाला परवाना त्यांनीच द्यावा. यासाठी दिल्लीची वाट बघायचीही सक्ती नाही. ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर जंगल समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला स्वतःची दुरुस्ती करता येते आणि महाराष्ट्राने या कायद्यात अशा दुरुस्त्या पूर्वी केल्याही आहेत, बहुतेक खात्याचे हात बळकट करायला.

तेवढी हिंमत नसेल तर एक फारच छोटे काम आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ज्या गावाला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळालेला नाही, तिथे तो का मिळाला नाही याची कारणे जिल्हास्तरीय समितीच्या सचिवाने लेखी नोंदवायची असतात. चिरनेर आणि त्याभोवतीची ती सहा गावे, बिलाशी, आणि पुसदच्या जंगलाकाठची गावे. यांतल्या ज्यांना हक्क मिळाला नसेल त्यांची कारणे काय नोंदवली आहेत, ती नोंदवली तरी आहेत का, हे वनमंत्र्यांनी रायगड, सांगली आणि यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे. त्याला विधेयक लागत नाही, अध्यादेश लागत नाही. पुढच्या २५ सप्टेंबरला हार घेऊन जाणाऱ्यांपैकी कोणीतरी ते उत्तर तिथल्या सभेत वाचून दाखवावे.